सहा टीम आणि एकच ध्यानचंद

ड्राफ्ट म्हणजे काय ते आधी सांगून टाकतो, कारण भुसावळात ज्याला ज्याला हे सांगितलं त्याने पहिलं हेच विचारलं, "मोबाइलवर पैसे लावायचा गेम का?" तसलं काही नाही. यात एक रुपयासुद्धा नाही. सहा जणांनी बसायचं, भारताच्या हॉकीतले आजवरचे सगळे खेळाडू समोर आहेत असं धरायचं आणि आळीपाळीने एकेक उचलायचा. एकाने उचलला की तो बाकीच्या पाच जणांना मेला. अकरा भरले की टीम तयार. मग कोणाची टीम भारी यावर भांडायचं. खरी मजा भांडणाचीच, पण ते भांडण अंदाजपंचे होऊ नये म्हणून आधीचा सगळा खटाटोप.

क्रिकेटचा असा ड्राफ्ट आम्ही करून बसलो होतो. त्यात दम नव्हता. प्रत्येकाला प्रत्येकाची सरासरी पाठ, आणि सचिन कोणाला मिळाला यावरच निकाल. हॉकीची कल्पना नानांची. नाना म्हणजे रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले, मूळचे अमळनेरकडचे, भांडताना हमखास अहिराणीवर येणारे. भुसावळच्या रेल्वे कॉलनीत एकेकाळी अँग्लो-इंडियन कुटुंबं होती, त्यांच्याबरोबर हॉकी आली, आणि नानांच्या पिढीने ती हातात धरली. आमच्या पिढीने नुसती ऐकली. म्हणून खेळायला बसलो ते असे: नाना, एक वकील, एक डॉक्टर, तापीपलीकडचे केळीवाले दोघे भाऊ, थोरला आणि धाकटा, आणि औषधांच्या दुकानातून वेळ काढून आलेला मी. पंच म्हणून शाळेतून निवृत्त झालेले पीटीचे सर. सरांचा शब्द शेवटचा, हे कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घेतल्या. वकील असल्यावर हे करावंच लागतं.

नियम ठरवायलाच इतका वेळ गेला की डॉक्टर म्हणाले, एवढ्यात खरी मॅच झाली असती.

पहिला वाद, भारताचा खेळाडू म्हणायचं कोणाला. वकिलांनी लगेच अली दारा काढला. १९३६ ला बर्लिनमध्ये तो ध्यानचंदच्या भारतीय संघात होता आणि १९४८ ला लंडनमध्ये पाकिस्तानचा कॅप्टन होता. लतीफ-उर-रहमान आणि अख्तर हुसेन यांचं उलट. १९४८ ला भारताकडून सुवर्ण, १९५६ ला पाकिस्तानकडून मैदानात. यांना घ्यायचं की नाही? वकील म्हणाले, फाळणीचा दावा आपण इथे पुन्हा चालवायचा का? सरांनी एका वाक्यात मिटवलं. ऑलिंपिक किंवा विश्वचषकात ज्याने भारताची जर्सी घातली तो चालेल, पुढे तो कुठे गेला हे आपण विचारायचं नाही.

दुसरा वाद जास्त खोल होता, आणि माझ्या मते सगळ्या ड्राफ्टचा जीव त्यातच आहे. सामना गवतावर की टर्फवर? १९७६ ला माँट्रियलच्या ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा कृत्रिम मैदान आलं आणि तोवर ऑलिंपिकमधून एकदाही रिकाम्या हाताने न परतलेला भारत थेट सातव्या नंबरवर गेला. खेळच बदलला. गवतावर चेंडू उसळतो, त्याला काठीवर चिकटवून ठेवणारा माणूस राजा. टर्फवर चेंडू सरळ आणि वेगात पळतो, तिथे पळणारा आणि ठोकणारा राजा. त्यात नव्वदच्या दशकात ऑफसाइडचा नियम गेला आणि मधल्या मैदानाचा अर्थच फिरला. नुसतं गवत धरलं तर हरमनप्रीतचा ड्रॅग फ्लिक, म्हणजे चेंडू काठीने ओढत गोलात फेकणं, वाया, नुसतं टर्फ धरलं तर रूपसिंगवर अन्याय. शेवटी धाकट्याने तोड काढली: पहिला हाफ गवतावर, दुसरा टर्फवर. मध्यंतरात खेळाडू बदलायचा नाही. ऐकायला हा पोरखेळ वाटेल, पण या एका अटीने प्रत्येकाची यादी उलटीपालटी झाली.

बाकी नियम पटकन सांगतो. रचना जुनी ठेवली: एक गोलकीपर, दोन फुलबॅक, तीन हाफ (म्हणजे हाफबॅक, फुलबॅक आणि फॉरवर्डच्या मधले), पाच फॉरवर्ड. आजच्या खेळाडूंना त्यात कुठे बसवायचं ते सर सांगणार. नंबर चिठ्ठ्या टाकून, पण फेरी नागमोडी. म्हणजे पहिल्या फेरीत एक ते सहा, दुसरीत सहा ते एक. पहिला नंबर लागलेल्याला ध्यानचंद मिळतो खरा, पण त्याचा दुसरा खेळाडू येईपर्यंत मधले दहा जण गेलेले असतात. विचाराला दोन मिनिटं. मोबाइल पिशवीत. डोक्यात जे असेल ते बाहेर काढायचं.

मग गृहपाठ. मी दुकानातल्या जुन्या हिशेबाच्या वहीत जागेप्रमाणे रकाने पाडले आणि नावं भरत गेलो. फॉरवर्डचा रकाना पानाबाहेर गेला. ध्यानचंद, रूपसिंग, बाबू, बलबीर, उधमसिंग, किशनलाल, भोला, हरबिंदर, अशोककुमार, गोविंदा, शाहिद, झफर इक्बाल, धनराज... लिहिताना हात थांबेना. हाफचा रकाना मात्र काही भरेना. सहा टीमचा हिशेब मांडा: तीस फॉरवर्ड, बारा फुलबॅक, सहा गोलकीपर आणि अठरा हाफ. भारताचे अठरा हाफबॅक एका दमात सांगणारा माणूस मला अख्ख्या भुसावळात दाखवा. मेलबर्नला १९५६ मध्ये भारताने अडतीस गोल केले हे सांगणारे भेटतील. पण त्या अख्ख्या स्पर्धेत भारतावर एकही गोल झाला नाही, हे सांगणारे कमी. आणि तो का झाला नाही, म्हणजे मध्ये क्लॉडियस, अमीर कुमार, पेरुमल उभे होते, हे सांगणारे त्याहून कमी. १९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅमचंही तेच. पाच सामने, एकोणतीस गोल, भारतावर शून्य. ध्यानचंदचे चौदा गोल सगळ्यांना माहीत. शून्य कोणामुळे राहिलं, ते कोणी विचारत नाही.

तिथेच माझं ठरलं. गोल करणारे शेवटपर्यंत मिळत राहणार. गोल अडवणारे आणि चेंडू पुढे पोचवणारे आधी उचलायचे. घरी कोणालाच काही सांगितलं नाही. आमच्याकडे गोष्ट बायकोला सांगितली की ती डॉक्टरांच्या बायकोला कळलेली असते.

बैठक केळीवाल्यांच्या मळ्यात, यावल रस्त्याला. दिवस भरिताचे, तेव्हा हे वेगळं सांगायला नको की कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजणं आणि चिठ्ठ्या पाडणं एकदमच चाललं होतं. वकिलांना पहिला नंबर, डॉक्टर दुसरे, थोरला तिसरा, नाना चौथे, मी पाचवा, धाकटा सहावा.

वकिलांनी दोन मिनिटांतली दोन सेकंदं वापरली. ध्यानचंद. डॉक्टरांनी बलबीरसिंग सीनियर घेतला आणि कारणही तोंडावर फेकलं: हेलसिंकी १९५२, नेदरलँड्सविरुद्ध फायनल ६-१, त्यातले पाच गोल एकट्याचे, पुरुषांच्या ऑलिंपिक फायनलमधला तो विक्रम अजून कोणी मोडलेला नाही. थोरल्याचं तत्त्व निराळं. "जो मी डोळ्यांनी खेळताना पाहिला तोच घेईन, ऐकीव माणूस मला नको." त्याने धनराज पिल्ले उचलला. चार ऑलिंपिक, चार विश्वचषक, खडकीच्या गल्लीतून आलेला माणूस. त्याला पाहिलेला कोणीही याला नाही म्हणणार नाही. नानांनी रूपसिंग घेतला. १९३२ ला लॉस एंजेलिसमध्ये अमेरिकेला २४-१ ने झोडपलं, त्यातले दहा रूपसिंगचे आणि आठ ध्यानचंदचे. म्हणजे त्या दिवशी धाकटा भाऊ थोरल्याच्या पुढे. हे ऐकून आमचा धाकटा उगाचच हसला.

माझा नंबर आला. मी म्हणालो, शंकर लक्ष्मण.

पहिल्या फेरीत गोलकीपर! वकील म्हणाले, तू मेडिकलवाला, तुला आधी पट्ट्याच दिसणार. मी काही बोललो नाही. महूचा हा माणूस मराठा लाइट इन्फंट्रीतला. १९५६, १९६० आणि १९६४ अशा लागोपाठ तीन ऑलिंपिक फायनल, तिन्ही पाकिस्तानविरुद्ध, तिन्हींचा निकाल १-० असाच, दोन आपण जिंकलो, एक हरलो. म्हणजे तीन फायनलमध्ये मिळून त्याच्यावर एक गोल झाला. डोक्यावर हेल्मेट नाही, अंगात आजच्यासारखं चिलखत नाही. पुढे १९६६ ला बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत तो कॅप्टन होता आणि सुवर्ण घेऊन आला. गोलकीपरने भारताचं कॅप्टन व्हायचं, हे तेव्हा नवीन होतं.

नाना मात्र हसले नव्हते. ते चिडले होते. त्याचं कारण दुसऱ्या फेरीत कळलं. धाकट्याने सलग दोन उचलले, मोहम्मद शाहिद आणि शॉर्ट कॉर्नरचा, म्हणजे गोलजवळच्या चुकीबद्दल मिळणाऱ्या फटक्याचा, बादशहा पृथीपालसिंग, आणि पुन्हा माझ्याकडे आलं. मी लेस्ली क्लॉडियस घेतला. नाना उभेच राहिले. "आरे भो, हाऊ तं मन्हा लाइनवरला गडी व्हता!"

झालं होतं असं की नानांनी टीम रेल्वेच्या नकाशावरून काढली होती. भुसावळ जंक्शन. इथून एक लाइन खंडवा, इटारसी, भोपाळ, झाशी, ग्वाल्हेर करत वर जाते, आणि पंजाब मेल १९१२ पासून त्या रस्त्याने पळते. दुसरी नागपूर, बिलासपूर, राउरकेला, खडगपूर करत हावड्याला. नानांचं म्हणणं, भारताची निम्मी हॉकी या दोन लाइनींवर जन्मली, आणि मला अशीच टीम पाहिजे जी बिनाबदलीच्या गाडीने भुसावळच्या फलाटावर उतरू शकेल. ध्यानचंद झाशीचा, तो गेला. रूपसिंग जबलपूरला जन्मलेला, इटारसीवरून येतो. क्लॉडियस बिलासपूरचा, खडगपूरला रेल्वेत असताना फुटबॉल सोडून हॉकीत आला, पुढे चार ऑलिंपिक, तीन सुवर्ण, एक रौप्य. महूचे लक्ष्मण आणि किशनलाल खंडव्याला गाडी बदलून येतात, तेवढी सूट त्यांनी स्वतःच स्वतःला दिली होती. आणि मी त्यातले दोन पळवले.

खरं सांगायचं तर सगळ्या ड्राफ्टमध्ये नानांचीच कल्पना मला सगळ्यात आवडली. टीम म्हणून ती टिकणारी नव्हती, पण खेळाडू कुठून येतात याचा विचार आमच्यापैकी दुसऱ्या कोणी केलाच नव्हता. त्यांनी चिडून बाराबंकीचा बाबू घेतला (पुष्पक लखनौपर्यंत आहेच), मग भोपाळचा अस्लम शेरखान. १९७५ च्या क्वालालंपूरच्या सेमीफायनलला मलेशियाविरुद्ध शेवटच्या मिनिटांत मैदानात उतरून, गळ्यातल्या ताईताचं चुंबन घेऊन बरोबरी करणारा तोच अस्लम. नंतर किशनलाल, १९४८ चा कॅप्टन आणि स्वतः रेल्वेचा माणूस. त्याचं नाव घेताना नानांचा आवाज बदलला. लंडनला, इंग्रजांच्या घरात, ब्रिटनलाच ४-० ने हरवलं तो संघ त्याचा.

तोवर बाकीच्यांना माझा डाव लक्षात आला होता, आणि गोलकीपरची पळापळ सुरू झाली. थोरल्याने श्रीजेश उचलला. टोकियो आणि पॅरिस, दोन्ही ब्राँझ त्याने टीव्हीवर पाहिलेले, त्यामुळे तत्त्वात बसणारा. डॉक्टरांनी अजितपालसिंग घेऊन सेंटर हाफ पक्का केला. १९७५ चा विश्वविजेता कॅप्टन, यापेक्षा चांगला सेंटर हाफ मिळणं अवघड. वकिलांना सलग दोन आले, त्यात उधमसिंग आणि रिचर्ड अ‍ॅलन. अ‍ॅलन म्हणजे १९२८ चा तो शून्यवाला. डॉक्टरांनी मग रंगनाथन फ्रान्सिस. नानांना मात्र लाइनीवर गोलकीपर सापडेना. दोन मिनिटं संपली, डॉक्टरांनी आकडे मोजायला सुरुवात केली, तेव्हा त्यांनी अस्लमचं नाव घेऊन वेळ मारून नेली. शेवटी ते लाइनीच्या दुसऱ्या टोकाला गेले आणि मुंबईचा लिओ पिंटो आणला. धाकटा गोलकीपर विसरूनच गेला होता. त्याला पुष्कळ उशिरा आशिष बल्लाळ मिळाला. १९९८ च्या बँकॉकच्या आशियाई फायनलमध्ये कोरियाविरुद्ध टायब्रेकरला उभा राहिलेला, म्हणजे अगदीच वाईट सौदा नव्हे.

या गडबडीत माझ्याकडे सेंटर हाफला एरिक पिनिगर आणि लेफ्ट हाफला केशव दत्त आले. अ‍ॅमस्टरडॅमच्या फायनलला कॅप्टन जयपालसिंग नव्हते, तेव्हा संघ पिनिगरने चालवला. केशव दत्त १९४८ आणि १९५२ चा. माझी हाफलाइन पुरी झाली तेव्हा वकिलांकडे एकही हाफ नव्हता.

मधल्या फेऱ्यांचं फार सांगत नाही. भरीत झालं, कळण्याच्या पुऱ्या आल्या आणि सगळे जरा मंद झाले. थोरल्याने हरमनप्रीत, परगट, दिलीप तिर्की, सरदारसिंग असा टर्फवरचा भक्कम बंदोबस्त केला. त्याच्या पहिल्या हाफचं काय होणार हे त्याला कोणी विचारलं नाही. मी फुलबॅकला सुरजितसिंग आणि रणधीरसिंग जेंटल घेतले. १९७५ च्या फायनलला सुरजितचा गोल आहे आणि १९५६ च्या फायनलचा एकुलता एक गोल जेंटलचा, म्हणजे कॉर्नरची सोय मागूनच झाली. शेवटच्या फेऱ्यांत मी फॉरवर्ड भरायला घेतले तेव्हा काय काय शिल्लक होतं पाहा: तीन ऑलिंपिक पदकांचा हरबिंदरसिंग, डावीकडून वाऱ्यासारखा पळणारा झफर इक्बाल, १९५६ च्या सुवर्णसंघातला रघबीरसिंग भोला, आणि उजवीकडे पीटर आणि फिलिप्स हे मद्रासचे भाऊ. ऑलिंपिकचे आणि विश्वचषकाचे विजेते, आणि कोणी त्यांच्याकडे बघत नव्हतं. पाहुणे गेल्यावर उरलेल्या लाडवांसारखे ते मला सगळे मिळाले.

निकालाची सरांची पद्धत साधी होती. त्यांनी मत दिलं नाही, प्रश्न विचारले. पहिला वकिलांना. "ध्यानचंदला चेंडू देणार कोण?" वकिलांकडे हाफलाइनला शेवटी जे उरले ते होते. ते उधमसिंग मागे येऊन देईल म्हणाले. सर म्हणाले, मग उधमसिंगच्या जागी कोण? आणि ध्यानचंदची टीम पहिल्यांदा बाहेर. वकील अजून त्या निकालाला बेकायदेशीर म्हणतात. थोरल्याची टीम गवतावरच्या पस्तीस मिनिटांत संपली असं सरांचं मत पडलं. मला ते पटलं नाही, धनराज शाळकरी वयात खडकीच्या मातीवरच शिकला. नानांची टीम फलाटावर उतरली, पण सोमय्या सोडला तर हाफला कोणी ओळखीचं नव्हतं. डॉक्टरांची टीम नीटनेटकी होती, कुठेच वाईट नाही आणि कुठेच भारी नाही.

उरलो मी आणि धाकटा. माझा लक्ष्मण आणि तीन हाफ, त्याचा शाहिद आणि पृथीपाल. सर म्हणाले, पहिला हाफ शून्य-शून्य. दुसऱ्या हाफला टर्फ येतं. क्लॉडियस आणि पिनिगर आयुष्यात टर्फवर उभे राहिलेले नाहीत, शाहिदने मॉस्कोपासून सोलपर्यंत तीन ऑलिंपिक टर्फवर काढली. तो एकाला आत, एकाला बाहेर काढणार, शॉर्ट कॉर्नर मिळवणार, पृथीपाल मारणार. १-० धाकटा.

मी उसळलो. पृथीपालही टर्फवर खेळलेला नाही, त्याला सूट का? आणि लक्ष्मणने त्याचे शॉर्ट कॉर्नर सरावात किती अडवले असतील, दोघं टोकियोला एकाच संघात होते. टोकियोच्या फायनलमध्ये तरी पृथीपालचा गोल कुठे झाला? त्याचा फटका पाकिस्तानच्या मुनीर दारच्या पायावर आदळला, पेनल्टी स्ट्रोक मिळाला आणि त्यावर आपण सुवर्ण जिंकलो.

सर म्हणाले, बरोबर. स्ट्रोक मारला कोणी?

मोहिंदरलाल, आम्ही चार जण एकदमच बोललो.

"तो कोणाकडे आहे?"

वह्या उघडल्या. सहासष्ट नावं. मोहिंदरलाल कुठेच नव्हता. १९६४ च्या फायनलचा एकमेव गोल करणारा माणूस कोणालाही आठवला नाही, कारण तो हाफ होता. हाफबॅक आधी उचलायचे म्हणून बसलेल्या माझ्याही वहीत नव्हता, माझे तीन आधीच भरले होते एवढंच काय ते माझं समर्थन.

सरांनी निकाल बदलला नाही. पण पुढच्या हिवाळ्यासाठी नियम घातला: पहिल्या तीन फेऱ्या फक्त हाफबॅकच्या, फॉरवर्डचं नाव चौथ्या फेरीआधी काढायचं नाही. वकिलांनी तिथल्या तिथे हरकत घेतली की मग चिठ्ठीत पहिला नंबर लागून उपयोग काय, ध्यानचंद चौथ्या फेरीतल्या पहिल्याला म्हणजे सहाव्या नंबरवाल्याला जाणार. धाकटा म्हणाला, मग सहावा नंबर मलाच राहू द्या. डॉक्टरांनी गाडी काढली होती, तरी हा वाद मळ्यापासून पुलापर्यंत चालला. नाना मागच्या सीटवरून माझ्या वहीवर बोट ठेवून बसले होते. "आत्तेच लिखी ठेव. मोहिंदरलाल मन्हा."

मी लिहिलं नाही. चिठ्ठी पडल्याशिवाय कोणाचंच नाव लिहायचं नाही, त्या कागदावर त्यांचीही सही आहे.